ओसरीतला पानमळा

माझा पहिला मॉन्स्टेरा ज्या दिवशी मेला, त्या दिवशी त्याच्या कुंडीत भरपूर पाणी होते. सहा वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यात अमरावती-परतवाडा रस्त्याला लागून असलेल्या एका रोपवाटिकेतून मी तो शोभेचा वेल 350 रुपयांना घेतला होता आणि बसच्या मागच्या सीटवर मांडीत धरून घरी आणला होता. पाच पाने होती. त्यांतल्या दोन पानांना कडेपासून आत गेलेले कापे होते, उरलेली तीन अजून अखंड, बदामाच्या आकाराची होती. आमचे गाव अंजनगाव सुर्जी तालुक्यात आहे, जिथून हवा स्वच्छ असली की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. एप्रिल लागेपर्यंत झाड ठीक होते, मग पाने मान टाकू लागली. मी पाणी वाढवले. पाने आणखी लोंबली, तेव्हा मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागले. मे महिन्याच्या मध्यावर एक पान पिवळे पडले, त्याच्या मागोमाग दुसरे. आणि शाळेला सुट्टी असल्यामुळे मला दिवसभर त्या झाडाकडे पाहत बसण्याखेरीज दुसरा उद्योग नव्हता, हे त्या झाडाचे दुर्दैव.

माझे सासरे, मामाजी, ओसरीतल्या खाटेवरून हे सगळे पाहत होते. आठवडाभर ते काही बोलले नाहीत. शेवटी एका सकाळी मी तांब्या घेऊन कुंडीपाशी वाकले तेव्हा म्हणाले, “पोरी, तू त्याले पानी पाजून नाई राह्यली, बुडवून राह्यली.”

त्याच दिवशी आम्ही दोघांनी कुंडी आडवी केली आणि कडेने खुरपे फिरवून आतला गोळा बाहेर काढला. तो गोळा कुंडीच्याच आकाराचा, ओला आणि जड होता, आणि त्याला तुंबलेल्या नालीसारखा वास येत होता. मी एक मूळ चिमटीत धरून हलके ओढले, तर वरची साल ओल्या मोज्यासारखी सुटून हातात आली आणि आत राहिला तो शिवायच्या दोऱ्याइतका बारीक धागा. दुसरे मूळ ओढले, तेही तसेच. चौदा मुळांपैकी दोनच कडक आणि पांढरट निघाली. बाकीच्यांना कुजून पंधरा दिवस तरी झाले असावेत, म्हणजे ज्या पंधरा दिवसांत मी पाणी दुप्पट केले होते, त्या काळात पाणी ओढून घेणारे खाली कोणी उरलेलेच नव्हते. तहानलेले झाड आणि मुळे कुजलेले झाड वरून अगदी सारखेच दिसते, कारण दोघांच्याही पानांपर्यंत पाणी पोहोचलेले नसते. फरक कळतो तो मातीत बोट घातल्यावर, आणि मी बोट सोडून तांब्याच घालत आले होते.

माती आमच्या शेतातली होती, आणि या गोष्टीचा मला थोडा अभिमानही होता. वऱ्हाडातली काळी माती; जिच्यात कपाशीचे सोटमूळ कंबरभर खोल जाते, तिच्यात एक शोभेचे झाड का जगणार नाही, असा माझा हिशेब होता. परंतु काळ्या मातीतले चिकण कण पाणी पिऊन फुगतात आणि सुकताना आक्रसतात, म्हणूनच उन्हाळ्यात आमच्या शेतांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतात त्या भेगाही कामाच्या असतात, त्यांतून माती श्वास घेते आणि पहिला पाऊस खोल उतरतो. दहा इंचांच्या कुंडीत मात्र त्याच मातीचे दोन्ही दोष तेवढे उरतात. ओली असताना ती इतकी गच्च बसते की मुळांना हवा मिळत नाही, आणि सुकली की कुंडीच्या भिंतीपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ तळाच्या छिद्राकडे धावते, आपल्याला वाटते झाड तृप्त झाले, आणि गोळ्याचा गाभा कोरडा ठणठणीत राहतो. मूळ पाण्याने मरत नाही, प्राणवायू न मिळाल्याने मरते, आणि मेलेल्या भागावर कुजवणाऱ्या बुरशी चढतात.

या सगळ्याला शेतकऱ्याच्या तोंडी एक शब्द आहे, वाफसा. पाऊस पडून गेल्यावर माती ना चिखल ना ढेकूळ अशा अवस्थेला येते, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि अंगठ्याने टोचला तर विस्कटतो, मातीच्या पोकळ्यांत थोडे पाणी आणि थोडी हवा एकाच वेळी नांदत असते, तो वाफसा. वाफसा आल्याशिवाय आमच्याकडे कोणी पेरणीची तिफण जुंपत नाही. कुंडीतल्या झाडांविषयी मोबाइलवर मी जे शेकडो सल्ले वाचले होते, दर सात दिवसांनी पाणी, दर तीन दिवसांनी पाणी, अमुक कप पाणी, त्यांतला एकही सल्ला या एका शब्दाच्या जवळ जात नव्हता. हा शब्द मी रोज ऐकत होते आणि तो ओसरीच्या पायरीखाली, शेतात, ठेवून आले होते.

आता माझ्या कुंड्यांत शेतातली माती नसते. दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळून घेतलेले विटांचे बारीक तुकडे, एक भाग जुने कुजलेले शेणखत, थोडा चुलीतला फोडलेला कोळसा आणि मूठभर निंबोळी ढेप, एवढे मिश्रण पुरते. कोकोपीट दोनदा धुऊन घ्यावे लागते, कारण त्यात कधी कधी मीठ असते. ओतलेले पाणी अर्ध्या मिनिटात खालून निघाले पाहिजे. पाणी कधी घालायचे, हे वारावरून ठरवणे मी सोडून दिले; बोटाची दोन पेरे कोरडी लागली की घालायचे, आणि सवय झाल्यावर कुंडी जराशी उचलून वजनावरूनच कळते.

मामाजींना हे सारे कळत होते याचे कारण त्यांचा पानमळा. अंजनगाव, अकोट, तेल्हारा या पट्ट्यात बारी समाजातल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या नागवेल पिकवली. पानपिंपळी हे औषधी पीक आजही होते, पण नागवेलीचे मळे एकेक करून कमी होत गेले आणि आमच्या घरचा मळा माझ्या लग्नाच्या आधीच मोडला होता. नागवेल मूळची आग्नेय आशियातल्या दमट जंगलांतली, मिरीच्या गोतातली. रुंद, कोवळ्या, चकचकीत पानांचा हा वेल वऱ्हाडातल्या वैशाखातून जिवंत बाहेर काढणे म्हणजे काय, हे मला माझे झाड मेल्यावर प्रथम उमगले. जे काम मी 350 रुपयांच्या एका झाडासाठी करू शकले नव्हते, ते या लोकांनी एकरा-दोन एकरांवर, विहिरीच्या पाण्यावर, विजेशिवाय केले होते.

त्या मळ्याचे वर्णन मी मामाजींकडून किती वेळा ऐकले असेल सांगता येत नाही. चारी बाजूंनी दाट कुंपण, आत शेवरी, पांगारा आणि हादगा यांच्या रांगा. वेल त्यांच्याच आधाराने चढायचे आणि त्यांच्याच सावलीत वाढायचे. पश्चिमेची बाजू सगळ्यांत जाड, कारण उन्हाळ्यातल्या दुपारच्या झळा तिकडून येतात. पाणी थोडे थोडे पण वारंवार, आणि दिलेले पाणी कुठेही साचता कामा नये. चप्पल मळ्याबाहेर काढायची. वेल म्हणजे देवता, आणि देवतेपाशी पायताण घालून जायचे नाही. वेलाच्या मर रोगाची बीजे ओल्या मातीतून आणि पाण्यातून पसरतात, चपलेला चिकटलेला चिखलही त्यांना पुरतो, हे मी शाळेत विज्ञान शिकवणारी बाई म्हणून सांगू शकते, पण चप्पल दोन्ही हिशेबांनी दाराबाहेरच राहते. मला मात्र सर्वांत लक्षात राहिले ते त्यांचे एक साधे वाक्य, की मळ्यात शिरले की अंगावरचा घाम सुकत नसे. बाहेर घाम फुटायच्या आत वाळत होता आणि आत पाठीवरून ओघळत होता. हवेतली आर्द्रता मोजायचे इतके नेमके साधन मी दुसरे पाहिलेले नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा आणि रुंद पानाचा संबंध काय आहे, हे पाहायला मेळघाटात एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये जावे. सागाचे पान आपल्याकडच्या रानातल्या सर्वांत मोठ्या पानांपैकी एक, जेवायला बसता येईल एवढे. पण तो साग ऊन तापायच्या आत सगळी पाने टाकून देतो आणि काठ्यांसारखा उभा राहतो. पळसही तेच करतो, फुले ठेवतो आणि पाने टाकतो. निंब आणि बाभूळ यांनी आपली पाने बारीक पर्णिकांत वाटून टाकली आहेत, कारण बारीक पान वाऱ्याने लवकर निवते आणि रुंद पानाभोवती तापलेल्या हवेचा थर चिकटून राहतो. या प्रदेशात पिढ्या काढलेल्या झाडांनी रुंद पानाचा प्रश्न अशा प्रकारे सोडवला आहे की पावसात ते ठेवावे आणि उन्हाळ्यात ठेवू नये. मॉन्स्टेरा मेक्सिकोच्या दक्षिणेपासून पनामापर्यंतच्या ओल्या जंगलांतला, मनीप्लांट प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरचा. पाने टाकून उन्हाळा काढणे त्यांना कोणी शिकवलेले नाही. ती बाराही महिने पान धरून बसतात, आणि मग त्या पानाचा उन्हाळा आपल्याला काढावा लागतो.

दुसऱ्या वर्षी मी एक छोटे आर्द्रतामापक यंत्र घेतले आणि ओसरीच्या खांबाला टांगले. मे महिन्यातल्या एका दुपारी दोन वाजता त्याने 44 अंश आणि 12 टक्के दाखवले. जुलैत, झड लागलेली असताना, तेच यंत्र 25 अंश आणि 80 टक्के दाखवत होते. हवा जितकी तापते तितकी जास्त वाफ तिच्यात मावते, त्यामुळे या दोन दुपारींत फरक केवळ टक्क्यांचा नाही. हवेत मावणारी वाफ आणि हवेत असलेली वाफ यांच्यातले अंतर मांडून पाहिले तर मे महिन्यातली हवा पानातून पाणी ओढायला जुलैतल्या हवेपेक्षा बारापटीहून जास्त जोर लावत असते. सातवीच्या मुलांना मी हे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवले, तेव्हा एका मुलाने विचारले की मग झाडाला बारापट पाणी घालायचे का. मी तेच केले होते, असे मी त्याला सांगितले नाही. मुळे बारापट वेगाने पाणी चढवू शकत नाहीत. पान आपली छिद्रे मिटून घेते, मग ते तापते, कडांपासून करपते. म्हणजे इलाज मुळापाशी थोडा आणि हवेपाशी जास्त करायला हवा.

हवेवरचा इलाज म्हणून लोक पानांवर पाणी फवारतात. मीही बाटली आणली होती. यंत्रासमोर फवारून पाहिले; आकडा चढला आणि चहा होईपर्यंत होता तिथे आला. त्यापेक्षा पानमळ्याची नक्कल सोपी होती. ओसरीच्या पश्चिमेच्या अंगाला मी वाळ्याची ताटी टांगली, जी आमच्याकडे कूलर येण्यापूर्वी घरोघर असे. सकाळी अकराला आणि दुपारी तीनला तिच्यावर बादलीभर पाणी मारायचे. कुंड्या एकमेकींना खेटून, मोठ्या पानांची झाडे बाहेर आणि नाजूक झाडे मध्ये अशा मांडल्या, म्हणजे एकीने सोडलेली वाफ दुसरीच्या कामी येते. फरशीवर ओले पोते. या एवढ्यावर त्या कोपऱ्यातली आर्द्रता दुपारी 35 टक्क्यांच्या खाली जात नाही, आणि वारा थांबल्यामुळे तेवढीही पुरते.

कूलरचे मात्र जपून. एप्रिल ते जून आमचे घर कूलरभोवतीच जगते, आणि कूलर म्हणजे पाण्याची वाफ करून हवा गार करणारे यंत्र, तेव्हा झाडांनाही तो मानवेल म्हणून मी एक कॅलॅथिया, म्हणजे कोवळ्या रुंद पानांचे शोभेचे झाड, त्याच्या पुढ्यात ठेवली. दोन दिवसांत पानांच्या सुरळ्या झाल्या. ओली असली तरी सारखी अंगावर येणारी हवा कोवळ्या पानाला सोसत नाही, शिवाय कूलरच्या तुषारांबरोबर उडालेले क्षार पानांवर पांढरे ठिपके ठेवून जातात. ती कुंडी त्याच खोलीत, पण झोताबाहेरच्या कोपऱ्यात सरकवली आणि झाड सावरले. रोज रात्री तिची पाने हात जोडल्यासारखी उभी राहतात आणि सकाळी पसरतात. देठाच्या टोकाशी एक फुगीर सांधा असतो, त्यातल्या पाण्याच्या दाबाने हे होते. लोडशेडिंगच्या रात्री दिव्याच्या उजेडात तिला उभी राहताना पाहणे हा माझा उन्हाळ्यातला एक नियमित कार्यक्रम आहे.

क्षारांचा विषय निघाला तर तो जरा सविस्तर सांगितला पाहिजे, कारण मी त्या पाण्यात वाढले आहे. माझे माहेर दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही काठांनी हा पट्टा जातो. विहिरीचे पाणी खारे, ते पिके सोसत नाहीत आणि माणसेही; आणि नाइलाज म्हणून ते शेताला दिले तर पाणी उडून जाते, क्षार राहतात, काळी माती सोडियमने घट्ट होऊन दगडासारखी बसते. हे मी लहानपणापासून पाहिलेले. तरीही माझ्या कॅलॅथियाच्या, स्पॅथिफिलमच्या आणि ड्रॅसीनाच्या पानांची टोके तपकिरी होऊ लागली तेव्हा मी ऊन, वारा, कीड, सगळ्यांवर आळ घेतला आणि पाण्याकडे पाहिले नाही, कारण सासरच्या बोअरचे पाणी माझ्या माहेरच्या मानाने अमृत आहे. एक दिवस कुंडी धुताना तिच्या काठावर पांढरा, खरखरीत थर दिसला. नखाने खरवडला आणि जिभेला लावला. ती चव माझ्या ओळखीची होती.

पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवायला आलेल्या माणसाने मोजून सांगितले की आमच्या बोअरच्या पाण्यात लिटरमागे 1200 मिलिग्रॅम क्षार आहेत. मोठ्या कुंडीला उन्हाळ्यात रोज अर्धा लिटर पाणी धरले तर रोज 0.6 ग्रॅम, शंभर दिवसांत 60 ग्रॅम. पान हवेत सोडते ते निव्वळ पाणी. क्षार मातीत साचतात आणि जे थोडे झाडाबरोबर वर चढतात ते पानाच्या टोकाशी जाऊन अडकतात, कारण पाण्याचा प्रवास तिथे संपतो. कूलरच्या टाकीत नेमके हेच घडते, फक्त तिथे आपण दर आठवड्याला टाकी उपसतो. कुंडीची टाकी कोणी उपसत नाही. पाणी उकळून उपयोग नाही, उलट क्षार दाट होतात. आणि शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घालून काटकसर केल्याचे समाधान मानणाऱ्यांनी ते पाणी फरशी पुसायला वापरावे, त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात.

इलाज आभाळातून येतो. दहा बाय दहा फुटांच्या पत्र्यावर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे 230 लिटर पाणी मिळते. पहिल्या एक-दोन सरी पत्रा धुवायला सोडून द्यायच्या, मग पन्हळीखाली ड्रम लावायचा, डासांसाठी तोंडाला जुने लुगडे बांधायचे. माझे दोनशे लिटरचे दोन ड्रम आहेत आणि ते पाणी फक्त चार नाजूक कुंड्यांना मिळते. बाकीची झाडे बोअरचेच पितात आणि तक्रार करत नाहीत. एका वर्षी पाऊस उशिरा आला, ड्रमने तळ गाठला, तेव्हा मी इन्व्हर्टरसाठी आणलेले बॅटरीचे बिनक्षारी पाणी कॅलॅथियाला घातले होते. घरात हे अजून कोणाला माहीत नाही. पावसाळ्यात मात्र सगळ्याच कुंड्या दोन-तीन दिवस उघड्यावर, रिमझिम सरींत ठेवते, म्हणजे वर्षभराचे साचलेले खालून वाहून जाते.

ही झाडे पाहून गावातल्या बाया पहिल्यांदा हसल्या, शहरी थेर म्हणून. मला वाटते त्यात अर्धीच गोष्ट खरी होती. आमच्या प्रत्येक जुन्या घरात न्हाणीच्या मागे एक ओला कोपरा असतो, जिथे सांडपाण्यावर केळ, कर्दळ आणि धोपा वाढतो. धोपा म्हणजे बाकीच्या महाराष्ट्राचा अळू. मॉन्स्टेरा, मनीप्लांट, डायफेनबाकिया, अँथुरियम, ही सगळी त्याच धोप्याच्या आणि सुरणाच्या कुळातली मंडळी. केळ आणि कर्दळ या तर कॅलॅथियाच्या चुलतघरातल्या, आणि कर्दळ ही स्वतः अमेरिका खंडातून आलेली. न्हाणीमागे भिंतीची सावली, मोडलेला वारा, सतत ओल. आमच्या सासूबाईंनी कधी आर्द्रता मोजली नाही, पण धोपा कुठे लावायचा ते त्यांना पक्के ठाऊक होते. नातेवाइकांचे गुणही सारखे. धोप्याच्या वड्या करताना चिंच कमी पडली तर घशात खवखवते, ते पानातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तेच स्फटिक मॉन्स्टेरात आणि डायफेनबाकियात असतात, आणि तिथे चिंचेचाही उपाय नाही. म्हणून शेळी आणि रांगती मुले पोहोचणार नाहीत अशा उंचीवर ही झाडे ठेवते.

उजेडाचे माप मी हाताने घेते. दुपारी बारा वाजता पानाच्या वर तळहात धरायचा. सावली रेखीव पडली तर ऊन जास्त, पडलीच नाही तर उजेड कमी, आणि अंधूक, कडा विरघळलेली पडली तर जागा योग्य. पूर्वेचे दार उत्तम. उत्तरेची खिडकी चालते. दक्षिण-पश्चिमेला हिरवी जाळी लावल्याशिवाय काही ठेवू नये.

मॉन्स्टेराच्या पानाला छिद्रे का पडतात, यावर अभ्यासकांत पुष्कळ मते आहेत. घनदाट जंगलात खाली झिरपणारे उन्हाचे कवडसे पकडायला तेवढ्याच हिरव्या भागात जास्त पसरलेले पान सोयीचे, अशी एक गणिती मांडणी 2013 साली झाली. ते काही असो, घरात छिद्रे हवी असतील तर झाडाला चढायला काही तरी द्यावे लागते. हा मुळात चढणारा वेल आहे. त्याच्या जातभाईंची रोपे उगवल्यावर आधी अंधाराकडे सरपटतात, कारण जंगलात सर्वांत गडद दिसते ते एखाद्या जाड झाडाचे खोड. मनीप्लांटही बाटलीत लोंबत राहिला तर पाने रुपयाएवढी, आणि झाडावर चढला तर पाने ताटाएवढी आणि फाटलेली. मी बांबूला बारदाना गुंडाळून सुतळीने करकचून बांधला आणि झाड त्याला लावले. मामाजींनी बांबूवरची गाठ तशीच ठेवली, पण खोडावरची माझी गाठ सोडून केळीच्या सोपटाने, आत बोट जाईल एवढी सैल बांधली. “वेल जाड होते ना बाई,” एवढेच म्हणाले.

मनीप्लांट चार वर्षांत खालून उघडा पडला, तेव्हा मी तो कापून टाकणार होते. त्यांनी थांबवले आणि पानमळ्यात दर साल करतात तशी त्याची उतरण केली. आधारावरून वेल सोडवला, खालचा पाने झडलेला भाग कुंडीतच वेटोळे करून मातीत पुरला आणि शेंडा पुन्हा वर बांधला. पेरापेरांवर जी तपकिरी मुळे हवेत ताटकळत होती, त्यांना माती मिळाली. महिन्याभरात त्याने असा पोंगा काढला की आधीच्या पानांच्या दुप्पट.

किडीविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण जी कपाशीवर तीच इथे. माझे दीर कपाशी करतात. त्यांनी एका नजरेत लाल कोळी, पिठ्या ढेकूण आणि फुलकिडे दाखवले आणि शेतातले औषध आणून देतो म्हणाले. ज्या खोलीत आपण झोपतो तिथे ते औषध नको म्हणून मी निंबोळी अर्कावर भागवते, जो अकोल्याच्या कृषी विद्यापीठापासून गावच्या कृषी सहायकापर्यंत सगळे पाच टक्क्यांचा सांगतात. घरापुरता म्हणजे 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून गाळून घ्यायची, फवारणी संध्याकाळी. लाल कोळी कोरड्या, तापलेल्या हवेत फोफावतो, त्यामुळे पानांची खालची बाजू ओल्या फडक्याने आठवड्याला पुसली की अर्धे काम होते. चकाकीसाठी खोबरेल तेल लावू नये. थंडीत, रात्रीचा पारा 10 अंशांवर आला की झाडे आत घ्यायची, पाणी निम्मे करायचे, खत बंद. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, नऊ दिवसांतही खत, कापणी, कुंडी बदलणे, काहीच नाही. आणि नवे झाड आणायचे तर श्रावणात. मार्चमध्ये आणलेले झाड विकणाऱ्याच्या फायद्याचे.

दुसरा मॉन्स्टेरा मी श्रावणातच आणला होता. तो आता ओसरीच्या आढ्याला टेकला आहे. मामाजी ऐंशीच्या घरात आहेत, आणि याचे पान खाता येत नाही, भाजी होत नाही, बाजारात जुडी लागत नाही, मग एवढे करायचे कशाला, हा त्यांचा प्रश्न सहा वर्षे कायम आहे. मला त्यावर उत्तर सुचलेले नाही. यंदा आषाढात मी शेंडा छाटत होते, तेव्हा ते काठी टेकत जवळ आले आणि खोडाच्या एका डोळ्यावर बोट ठेवून म्हणाले, “हा डोया मले दे. याले मूळ हाय.”

जुन्या मळ्याच्या जागी आता तूर असते. विहिरीजवळ एक आंबा तेवढा उरला आहे. दिरांनी त्यांना गाडीवर तिकडे नेले, मी फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून मागे बसले. आंब्याच्या बुंध्याशी पोहोचल्यावर त्यांनी चप्पल काढली, आणि मी खुरपे पुढे केले तर ते बाजूला ठेवायला सांगितले. आधी त्यांनी बांधावरच्या तुराट्या आणवल्या आणि पश्चिमेच्या बाजूला कंबरेएवढा कूड उभा करून घेतला. मग खड्डा.